पाच मिनिटं बोलायचं नाही

“पाच मिनिटं गप्प बसायचं म्हणे! अगं, गप्प बसले की माझा दाब चढतो. बोलत राहिले की बरी असते मी.” खैरामावशी हे दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या शेजारणीला सांगत होती, खुर्चीतून मान बाहेर काढून, आणि तिचं कुजबुजणं म्हणजे दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाणारं. नसीरा हातभर अंतरावर टेबलाशी बसली होती. तिने मान वर न करता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. “झालं मावशी. आता पहिल्यापासून पाच.” “परत?” “परत. पाय सरळ, पाठ टेकून, तोंड बंद.” “कुठल्या शहाण्याने काढला हा नियम?” “राजधानीतून आलाय.” “मग बरोबर आहे,” मावशी पदर सारखा करावा तशी डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाली, “आम्ही गप्प बसलेलेच आवडतो त्यांना.” बाकावर हसू पिकलं. नसीराही हसली असती, पण सकाळपासून तिच्या उजव्या मनगटात एक शीर उडत होती. अशी उडायला लागली की ती दुसऱ्या हाताने ते मनगट दाबून धरायची. नवरा होता तेव्हा विचारायचा, दुखतंय का, आणि ती नाही म्हणायची. खरंच दुखत नसे.

हा अभ्यास सुरू होऊन दोन महिने झाले होते. चाळिशी ओलांडून कुठल्याही कारणाने दवाखान्यात आलेला प्रत्येक पाचवा माणूस पकडायचा, मग तो खोकल्याला आलेला असो की पायातला काटा काढायला, आणि त्याच्या हृदयाला कोणकोणते धोके आहेत ते कागदावर उतरवायचे. वजन, उंची, कमरेचा घेर, साखर, मीठ, तंबाखू. तंबाखूच्या प्रश्नाला पुरुष छातीवर हात ठेवून सांगत, सिगरेटला शिवत नाही, आणि खालच्या ओठामागे शेम्म्याची, ओल्या तंबाखूची, गोळी एवढी फुगलेली असे की शब्द तिच्यावरून घसरत बाहेर पडत. कागदावर शेम्म्याला जागाच नव्हती. कागद ज्यांनी केला त्यांनी तो कधी ओठाखाली धरला नसणार. आणि सगळ्यात शेवटी दाब. पाच मिनिटं शांत, मग तीनदा मोजायचा, मध्ये दोन-दोन मिनिटं सोडून, आणि या सगळ्या वेळात मोजणाऱ्याने बोलायचं नाही, मोजून घेणाऱ्यानेही नाही. डॉक्टर सिहाम या अभ्यासाच्या प्रमुख. वय तीस, जन्म राजधानीतला, आठवड्यातून दोनदा यायच्या आणि शेवटच्या खोलीत बसायच्या. पहिल्या महिन्याचे कागद त्यांनी टेबलावर आपटले होते. “एकशेचाळीस, नव्वद. एकशेचाळीस, नव्वद. शंभर माणसांतल्या ऐंशी जणांचा दाब एकच? हे गाव आहे की एकच माणूस?” त्यावर बुआलेम, दवाखान्यातला दुसरा नर्स, वीस वर्षं मिश्या वाढवून आणि विनोद करून टिकलेला, म्हणाला, “डॉक्टर, आम्ही फार एकोप्याने राहतो.”

खरी गोष्ट अशी की या गावात दाब कुणी शेपटीच्या आकड्यांसकट सांगतच नाही. चौदा-नऊ, म्हणजे बरा. सोळा-दहा, म्हणजे मीठ कमी कर. बाजारात, लग्नात, मयतीत, माणसं एकमेकांना आपले चौदा-नऊ सांगतात, मुलांच्या मार्कांसारखे. काटा एकशेसत्तेचाळीसवर थांबला काय आणि एकशेछत्तीसवर थांबला काय, हात आपोआप चौदा लिहितो. त्यात फसवणूक कुठे आहे, असं बुआलेमला मनापासून वाटायचं. माणसाला घरी जाऊन जेवू द्यायचं, एवढंच तर आहे. डॉक्टर सिहाम यांनी मग नसीराला एकटीला शिकवलं. काटा जिथे असेल तिथलाच आकडा लिहायचा, दोनच्या पटीत, गोल करायचा नाही, लाज धरायची नाही. तेव्हापासून नसीराच्या कागदांवर एकशेबावन्न, एकशेअडतीस, एकशेचव्वेचाळीस असे कुणाच्या ओळखीचे नसलेले आकडे येऊ लागले. डॉक्टर सिहाम म्हणाल्या, “तुझे आकडे खरे वाटतात.” खरे आहेत म्हणाल्या नाहीत, खरे वाटतात म्हणाल्या. नसीराच्या मनात ते तसंच राहिलं, पायात शिरलेल्या बारीक काचेसारखं, चालताना मधूनच टोचणारं.

दुसरा एक प्रश्न होता, त्याच्यावरून डॉक्टर सिहाम यांनी अजून काही आपटलं नव्हतं, पण एकदा विचारलं होतं. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत गेले का, आणि कशाने. या गावात उत्तरं यायची, “हो, भाऊ. बावीस वर्षांचा.” कशाने? “वेळ आली.” दुसऱ्याचा भाऊ, एकोणीस. “वेळ आली.” तिसरीचे दोन भाऊ आणि दीर, एकाच वर्षी, एकाच तारखेला. “वेळ आली, बाई, लिही काहीतरी.” नसीरा ‘कारण माहीत नाही’ या चौकोनात फुली मारायची. चौकोन फुल्यांनी भरून गेले. “या गावातल्या लोकांना आपले भाऊ कशाने गेले ते आठवत नाही का?” डॉक्टर सिहाम यांनी चहा पिताना विचारलं. डोंगरावरच्या टोळ्या आणि सरकार लढत होते, त्या वर्षांत डॉक्टर बाटलीने दूध पीत असतील. खोलीतल्या कुणी कपातून तोंड काढलं नाही. शेवटी बुआलेमच म्हणाला, “डॉक्टर, सगळे हृदयानेच गेले. ते थांबलं, म्हणून गेले.” आणि मग सगळे हसले, नसीरा सगळ्यात मोठ्याने, आणि हसताना तिला घशात खजुराची बी अडकल्यासारखं झालं होतं.

खैरामावशीचे तिन्ही आकडे लिहून होत नाहीत तोच बाहेर धप्पकन आवाज झाला आणि बाक भिंतीवर आपटला. नंबरावरून जुंपली होती. एकाने दुसऱ्याची कॉलर धरून डोकं खिडकीच्या गजावर आदळलं होतं, दुसऱ्याने त्याच्या तोंडावर ठोसा ठेवून दिला होता, दोघंही साठीच्या पुढचे, दोघंही मधुमेही. म्हाताऱ्यांची मारामारी भयंकर असते. त्यांना जोर नसतो, म्हणून ते डोळ्यांत बोटं घालतात. बुआलेम मध्ये पडला, दोघांना दोन बगलांत धरून म्हणाला, “काका, मारा एकमेकांना, मारा, पण आधी दाब मोजून घ्या, नाहीतर माझे आकडे बिघडतात.” फरशीवर लाल थुंकी पडली, त्यात अर्धा दात. नसीराने वर कापूस टाकला. या गावात कुणी कुणाला मारलं की नसीराला आधी एक हलकेपणा वाटतो, सुटल्यासारखा, आणि मग त्या हलकेपणाची किळस येते. गाव असंच होतं. संत्र्यांच्या बागा, मशिदीसमोर कॉफी पिणारी शांत माणसं, आणि मग कुणाची गाडी कुणाच्या दारात लागली म्हणून लोखंडी सळई बाहेर निघते आणि हात कोपरातून मोडतो. त्यावर कुणी म्हणत नाही की असं का. म्हणतात, उष्मा आहे.

कापूस उचलून ती परत आली तेव्हा बुआलेम तिच्या टेबलाशी उभा होता. हातात पुढचा कागद, नंबर पस्तीस. विनोद न करता उभा असलेला बुआलेम तिने फार कमी वेळा पाहिला होता. “हा मी करतो,” तो म्हणाला. “का?” “असंच. तू जरा कॉफी घे.” “तू गोल आकडे लिहितोस. तुझे दोन कागद परत आलेत मागच्या बुधवारी.” “नसीरा, दे ना.” तिने कागद ओढून घेतला आणि नाव वाचलं. लख्दर. वय अठ्ठेचाळीस. धंदा, कोंबड्या. तक्रार, डोकेदुखी, दोनदा नाकातून रक्त. शीर मनगटातून कोपरापर्यंत गेली. पाचवा माणूस, इतकंच. यंत्रासारखं मोजत गेलं की एक दिवस काटा तिथे थांबणारच. तो पंचवीस वर्षं या दवाखान्यात येत होता आणि पंचवीस वर्षं त्याचे पाय आपोआप बुआलेमच्या खोलीकडे वळत होते. ती समोरून येताना दिसली की तो फाटकाच्या भिंतीशी उभा राहून चपलेतला खडा काढायचा. इतके खडे कुणाच्या चपलेत जात नाहीत. “पाठव,” ती म्हणाली. बुआलेम म्हणाला, “कायद्याने माफ झालंय ते सगळं.” “मी कुठे काय म्हटलं? पाठव. आणि दार उघडं राहू दे, उकडतंय.”

तो आला, दारातच सलाम म्हणाला, भिंतीला म्हणाला. दंड जाड, बोटांच्या पेरांत कोंबडीची पिसं धुऊन धुऊन उरलेला पांढुरका भाग, नाकपुडीत कापसाचा बोळा, सुकलेला. डोंगरावरून, सरकारशी लढणाऱ्या टोळीतून, तो उतरला तेव्हा काठीसारखा होता म्हणतात. तिने पाहिलं नव्हतं, कारण तो उतरला त्या आठवड्यात आईने घराचे पडदे शिवायला काढले होते आणि सगळ्या खिडक्यांना लावले होते. सरकारने माफीचा कागद दिला, त्याने दुकान काढलं. कोंबडी समोर कापून देतो. आणि तिची आई, गुडघे धरून चालणारी, दर गुरुवारी त्याच्या दुकानात जाते, बोटाने कोंबडी दाखवते, आणि तो तिची मान मागे ओढून सुरी फिरवेपर्यंत समोर उभी राहते. मान फिरवत नाही, बोलत नाही. घरी येऊन ती कोंबडी गल्लीतल्या मांजरांना घालते. त्यांच्या गल्लीतली मांजरं गावात सगळ्यांत जाड आहेत. नसीराने एकदा विचारलं, का जातेस? आई म्हणाली, ताजी असते.

“नाव? वय?” तिने कागदावरचेच प्रश्न विचारले, कागदावरच्याच आवाजात. तो उत्तर देत गेला. सिगरेट नाही. शेम्मा विचारला नाही. मीठ? “बायको घालते तसं.” वडील कशाने गेले? “म्हातारे होते.” आणि मग तो प्रश्न. “सख्ख्या भावांत पंचावन्नच्या आत कुणी?” तो म्हणाला, “नाही. सगळे आहेत. चौघं.” सगळे आहेत. तिने चौकोनात फुली मारली आणि पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. “बाही वर करा. पाय सरळ. आता पाच मिनिटं बोलायचं नाही,” ती म्हणाली, आणि हे शब्द आज कितव्यांदा तरी उच्चारताना तिला पहिल्यांदा कळलं की ते तिचे नाहीत. ते तिने कुणाकडून तरी घेतलेत.

घड्याळाचा काटा सुरू झाला. त्या वर्षी रमजान थंडीत आला होता आणि मेरझाक, तिचा भाऊ, सक्तीच्या लष्करी नोकरीतून चार दिवसांच्या सुटीवर आला होता; डोक्याचे केस इतके बारीक कापलेले की आई सारखी त्यावरून हात फिरवायची आणि तो म्हणायचा, अगं मेंढरू आहे का मी. ही थट्टा त्याने केली होती, खरंच केली होती, तिने नंतर जोडलेली नव्हे. कितीदा तरी तिने स्वतःला विचारलं होतं. शोरब्याची वाफ काचेवर बसली होती. बांग झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला, वडील पाण्याचा पेला उचलत होते आणि दारावर थाप पडली. रोजा सोडायच्या वेळी कुणाच्या दारावर थाप पडली की कोण आहे विचारायचं नसतं. त्या वेळेला येते ती शेजारची ताटली, झाकलेली, गरम. आणि त्याबरोबर हाकही आली, लख्दरची, वर्षानुवर्षांची ओळखीची, मेरझाकबरोबर याच अंगणात चेंडू मारून कुंड्या फोडणाऱ्या शेजारच्या पोराची, जो शरदात गावातून नाहीसा झाला म्हणून तिने चोरून रडून घेतलं होतं. “नसीरा, ए नसीरा, उघड, आईने बूरेक पाठवलेत, गार होतील.” मेरझाकचं नाव नाही घेतलं. तिचं घेतलं. सोळा वर्षांची मुलगी, तोंडात खजुराची बी, धावत गेली. धावत गेली, हे कुणालाच माहीत नाही. कडी घट्ट होती, थंडीत ती नेहमी अडायची, तिने दोन्ही हातांनी ओढली.

ताटली खरी होती. त्यात खिम्याचे तळलेले बूरेक खरेच होते, गरम, वर त्याच्या आईचं निळ्या काठाचं फडकं. मागे तिघं. तिघांतल्या एकाने तिला ढकललं नाही, लख्दरनेच तिला बाजूला घेतलं, हलकेच घेतलं, ताटली खाली ठेवून, जसं लहान मुलाला रस्त्याच्या कडेला घ्यावं, आणि तिचं एक मनगट पाठीमागे पिळून दुसरा तळवा तिच्या तोंडावर ठेवला. तळव्याला तळणीच्या तेलाचा वास. “बोलायचं नाही,” तो कानात म्हणाला. “बोलायचं नाही, नसीरा, झालंच.” मेरझाकला त्यांनी अंगणात आणून गुडघ्यांवर बसवलं आणि बारीक केस हातात धरता येईनात म्हणून एकाने त्याच्या नाकपुड्यांत दोन बोटं घालून मान मागे ओढली. सुरी बोथट होती. हे नंतर कुणाला सांगायचं ते तिला कळलंच नाही, की सुरी बोथट होती. माणसाच्या घशातून जो आवाज येतो तो किंकाळी नसते, ती हवा असते, बाहेर जायला नवी वाट सापडलेली हवा. तिच्या कानाशी दुसरा एक श्वास होता, तोही तसाच धापा टाकणारा. रक्त फरशीच्या उतारावरून तिच्या पायांकडे आलं, कोमट, आणि ताटलीला वळसा घालून नाल्याकडे गेलं. तिने बी गिळली.

पोलीस आले तेव्हा आईने सांगितलं, दार उघडंच होतं. पोलिसांनी लिहिलं, दार उघडं. ते कोण होते? बाहेरचे होते, तोंडं बांधलेली होती. गावाने म्हटलं, बाहेरचे होते. आईने मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही सांगताना, एका वाक्यात तिने मुलीला झाकून टाकलं, आणि त्या वाक्याखाली नसीरा अठ्ठावीस वर्षं राहिली, शाळा सुटली, नर्सिंगचं शिक्षण, लग्न, मोडलेलं लग्न, सगळं त्या वाक्याखाली. वडील चार वर्षांनी गेले, जेवताना. मयतीला आलेल्या प्रत्येकाने मेरझाकची आठवण काढली आणि सुस्कारा टाकून म्हटलं, दार उघडंच होतं बिचाऱ्यांचं. ती ताटली अजून फळीवर आहे. शेजारची ताटली रिकामी परत करायची नसते, आणि तिच्यात काय भरून परत करावं ते आईला सुचलं नाही.

पाच मिनिटं झाली. तिने पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळला. त्याच्या कातडीला हात लागला तेव्हा ती कातडी थंड असेल अशी तिची समजूत होती, ती गरम होती. फुगा दाबला. काटा एकशेऐंशीवर गेला तरी नळीतून ठोके येतच होते, दोनशेवर येतच होते, दोनशेतीसला थांबले. हवा सोडली. दोनशेचोवीसला पहिला ठोका, दार ठोठावल्यासारखा. एकशेबत्तीसला शेवटचा. असा दाब तिने नोकरीत तीनदा पाहिला होता. त्यातले दोघं त्याच आठवड्यात गेले आणि तिसरा अजून आहे, अर्धं तोंड लोंबतं, भिंतीकडे तोंड करून, बायकोच्या हाताने खातो. अशा माणसाला खुर्चीतून उठूही द्यायचं नसतं, तिथूनच शेवटच्या खोलीत न्यायचं असतं. नाकातून आलेलं रक्त म्हणजे नशीबच, ते बाहेर आलं. पुढचं कवटीच्या आत येईल. एवढं सगळं तिच्या डोक्यात शाळेतल्या पाढ्यासारखं झरझर आलं, आणि त्याच वेळी तिच्या हाताने कागदावर लिहिलं, एकशेबेचाळीस, अठ्ठ्याऐंशी.

तिने लिहिलेलं वाचलं. सुंदर आकडा होता. गोल नव्हता. डॉक्टर सिहाम यांच्या बोटाखालून तो कुठेही न अडखळता गेला असता. बुआलेमला असा आकडा जन्मात काढता आला नसता. डोंगरावर जावं लागत नाही, सुरी लागत नाही, तीन माणसं लागत नाहीत. नीट शिकलेली एक बाई आणि एक पेन, आणि मग, मीठ कमी करा, घरी जा. उद्या नाही तर परवा तो एखाद्या कोंबडीची मान धरून उभा असेल आणि हातातली सुरी पडेल आणि त्याला कळणार नाही की ती का पडली. आई समोर उभी असेल का? गुरुवार असेल तर असेल. नसीराच्या अंगातून काहीतरी गोड सरकत गेलं, नाभीपासून वर, तिला नवऱ्याच्या घरी कधी झालं नव्हतं इतकं गोड, आणि तिच्या कपाळाला घाम आला. दोन मिनिटं संपायची वाट बघायची होती. तो पाठ टेकून, पाय सरळ ठेवून बसला होता, शाळेतल्या ढ पण भित्र्या मुलासारखा, सांगितलं तसं, डोळे मिटून. बाहेर खैरामावशी घरी न जाता बाकावरच बसली होती आणि कुणाला तरी मोडलेल्या दाताची गोष्ट सांगत होती. आत कोण बसलंय हे बाकावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून सगळे त्या दाताबद्दल इतक्या मन लावून बोलत होते. दुसऱ्यांदा. दोनशेसव्वीस, एकशेतीस. हाताने लिहिलं, एकशेअडतीस, शहाऐंशी. मनगटातली शीर थांबली होती. आपल्याला हे इतकं सहज जमतंय याचं तिला आश्चर्य वाटलं, आणि मग वाटलं, त्यालाही असंच वाटलं असेल का, ताटली हातात धरून, अंगणाच्या दारात.

तिसऱ्यांदा पट्टा फुगवला तेव्हा ती थांबली नाही. दोनशेतीस, दोनशेपन्नास, दोनशेसत्तर. फुगा दाबत राहिली. पट्टा कातडीत रुतला, खालचा हात आधी पांढरा, मग निळसर झाला, नखं वांग्याच्या रंगाची. अशा वेळी माणूस हात झटकतो, ओरडतो, शिव्या देतो. खैरामावशी तर एकशेऐंशीलाच आईबाप काढते. त्याने ओठ दातांत धरले. कपाळावरची शीर दोरीसारखी उभी राहिली. फुटेल आता, इथेच फुटेल, माझ्यासमोर, तिला वाटलं, आणि तिने आणखी दाबला. पट्टा नाही, मान आहे, तिला वाटलं, दोन बोटं नाकपुड्यांत घालावीत. त्याने डोळे उघडले. तिच्याकडे, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, सरळ पाहिलं, मग टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. उलटे का होईना, आकडे त्याला दिसले असणार. आपलं डोकं आतून कसं घण घालतंय ते त्याला माहीत होतं, आणि कागदावर चौदाच होते. त्याला कळलं. तिने बघितलं की त्याला कळलं.

“राहू दे तसंच,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मी कुणाला काही सांगणार नाही.”

असं वाटतं की अशा वेळी माणसाला राग यावा, किंवा दया. नसीराला दोन्ही आलं नाही. तिला तेलाचा वास आला. तोंडावर, ओठांवर, दातांच्या फटीत. परत तेच. परत दोघांनी मिळून एक गोष्ट करायची आणि गप्प राहायचं, तो गप्प राहील, मी गप्प राहीन, बुआलेम विनोद करेल, आई मयतीला जाऊन पडदे धुवायला काढेल, आणि डॉक्टर सिहाम विचारतील, कशाने गेला? वेळ आली. चौकोनात फुली. तो मेल्यावर त्या अंगणात काय झालं ते माहीत असलेली ती एकटीच उरणार होती, आई आहे तोवर दोघी. आणि मग दार खरंच उघडं होतं असं होऊन जाईल. तिने फुग्याचा स्क्रू फिरवला. हवा सुसकारत बाहेर पडली, हात पट्ट्याखालून लाल होत परत जिवंत झाला, आणि तिने काटा पडताना नळी कानाला लावून ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं. मग दोन्ही खोटे आकडे आडव्या रेघेने खोडले आणि वर खरे लिहिले, आणि तिसरा लिहिला. दोनशेतीस, एकशेचौतीस. मनगटातली शीर परत उडू लागली होती, अक्षर कुठल्या कुठे गेलं.

“डॉक्टर!” तिने हाक मारली. आवाज असा निघाला की बाकावरचा दात एकदम थांबला. बुआलेम दारात आला, त्याच्यामागे खैरामावशी, तिच्यामागे कपाळाला पट्टी बांधलेला भांडखोर म्हातारा. शेवटच्या खोलीतून डॉक्टर सिहाम पांढरा कोट घालत घालत येताना दिसत होत्या. “काय झालं? किती आहे?” बुआलेमने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नेहमीच्या सवयीने म्हणाला, “चौदा-नऊ असेल गं. चल लख्दर, ऊठ, मी सोडतो घरी.” लख्दर उठायला लागला. “उठायचं नाही,” नसीरा म्हणाली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवला, जोराने, आणि हात काढला नाही. “तेवीस-तेरा आहे. गोळी द्या, गाडी बोलवा, आत्ता. हा जगला पाहिजे.” डॉक्टर सिहाम यांनी कागद उचलला, खोडलेल्या रेघा पाहिल्या. “हे काय आहे? आधी काय लिहिलं होतंस?” बुआलेम घाईने म्हणाला, “चुकून, डॉक्टर, उकडतंय ना.” खैरामावशीने नसीराची बाही धरली. “पोरी, चल बाहेर, पाणी पी,” ती कुजबुजली, खरंच कुजबुजली, या वेळी कुणालाही ऐकू न जाईल इतकं हळू. “जाऊ दे. झालं ते. बाहेरचे होते ते. दार उघडंच होतं तुमचं.”

नसीराने तिचे हात अलगद सोडवले.

“बंद होतं, मावशी. कडी लावलेली होती. यानं माझ्या नावाने हाक मारली आणि मी धावत जाऊन ती काढली. मग यानं माझं तोंड दाबून धरलं, आणि बाकीच्यांनी मेरझाकचा गळा कापला.”